उघड्या खाणींचे कडे कां कोसळतात? एल्मच्या पुराव्याची छाननी

डोंगराचा कडा कोसळला, त्याखालीं गांव गडप झालें आणि मागाहून लोकांस कारण विचारलें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : पाऊस फार झाला. जुन्या कागदांच्या अभ्यासकांस हें उत्तर ओळखीचें वाटेल. राज्य कां बुडालें असें विचारलें असतां अखेरच्या लढाईचें नांव सांगणारा बखरकार आणि कडा कां कोसळला असें विचारलें असतां अखेरच्या पावसाचें नांव सांगणारा गांवकरी, या दोघांची विचारसरणी एकच होय. दोघेही खोटें बोलत नाहींत. परंतु निमित्तास ते कारण समजतात. कारण व निमित्त यांची फोड अस्सल पुराव्यावरून कशी करावी, हा इतिहाससंशोधनाचा नित्याचा प्रश्न आहे. तोच प्रश्न खाणींच्या कड्यांसंबंधानें कसकसा सोडविला गेला, हें दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे. विषय वरकरणीं आपल्या कक्षेबाहेरचा दिसेल. पण त्याचा निकाल अखेर नोंदवह्या, नकाशे आणि साक्षी यांवरच लागतो, असें वाचकांच्या प्रत्ययास येईल.

भुयार न खणतां वरची माती व दगड दूर सारून, पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं उतरत जी खाण खणतात ती उघडी खाण. निसर्गानें हजारों वर्षें झिजवून जो उतार स्थिर केला, तो येथें माणूस थोडक्या वर्षांत तोडून उभा करतो. कडा जितका उभा ठेवावा तितका निरुपयोगी दगड कमी काढावा लागतो व खर्च वांचतो. जितका निजता ठेवावा तितका तो सुरक्षित. या ओढाताणीमुळें प्रत्येक उघड्या खाणीचा कडा हा धनाचा लोभ आणि जिवाची भीति यांमधील एक तह असतो. तह केव्हां मोडेल हें आधीं कळावें कसें, हाच खरा प्रश्न.

१

या विषयांतील जुना आणि भरपूर पुराव्याचा दाखला स्वित्झर्लंडांतील एल्म गांवाचा आहे. ग्लारुस प्रांतांत सेर्न्फ नदीच्या खोऱ्यांत हें गांव वसलें आहे. त्याच्यावर उठलेल्या डोंगराच्या अंगांत पाटीचा दगड सांपडतो. इ. स. १८६० नंतरच्या दशकांत तेथें खाण सुरू झाली. इ. स. १८७४ च्या राज्यघटनेनें त्या देशांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. मुलांच्या हातीं द्यावयाच्या पाट्यांस मागणी वाढली. शेतीस जमीन थोडी असलेल्या त्या खोऱ्यांत खाण म्हणजे हातीं रोख पैसा. अखेरच्या वर्षांत ती गांवाच्याच ताब्यांत होती, आणि खाणकामाच्या खऱ्या जाणकाराची तीवर देखरेख नव्हती. चांगला दगड ज्या दिशेस जाई त्या दिशेस लोक खणत गेले. असें करतां करतां डोंगराच्या अंगांत सुमारें १८० मीटर रुंद आणि ६० मीटरांहून अधिक आंत गेलेली खांच पडली. उभ्या झाडाच्या बुंध्यास एकाच बाजूनें कुऱ्हाडीचे घाव घालीत जावें, तसा हा प्रकार होता.

खाणीच्या बऱ्याच वर डोंगरावर एक भेग दिसूं लागली. वर्षानुवर्षें ती रुंदावली आणि १८८१ च्या उन्हाळ्यापर्यंत कांहीं मीटर रुंद झाली. ऑगस्टअखेर व सप्टेंबरच्या आरंभीं पाऊस पुष्कळ झाला, त्याचें पाणी भेगेंत शिरूं लागलें. खाणींत दगड वारंवार पडूं लागल्यामुळें काम थांबविण्यांत आलें. १० सप्टेंबर रोजीं कांहीं अधिकारी व माहितगार मंडळी वर जाऊन जागा पाहून आली. तात्काळ धोका नाहीं, असें त्यांचें मत पडलें.

दुसऱ्या दिवशीं, ११ सप्टेंबर १८८१, रविवार होता. दुपारपासून दगड गडगडत होते आणि सुटीचे लोक तो देखावा पाहत उभे होते. सायंकाळीं सव्वापांचच्या सुमारास पहिला लोट आला. लोक कांहीं घाबरले, कांहीं जवळ गेले, कांहीं आपलें सामान व माणसें हलवूं लागले. सुमारें सतरा मिनिटांनीं दुसरा लोट आला, त्यांत वीसएक माणसें गेलीं. त्यानंतर चार मिनिटांनीं मधला सर्व भाग सुटला. तो खोऱ्याच्या पलीकडील चढावर चढला आणि तेथून वळून खोऱ्याच्या उताराच्या दिशेनें पसरला. पलीकडचा चढ उंच म्हणून सुरक्षित, अशा समजुतीनें तिकडे धांवलेले लोक त्यांत सांपडले. या तिसऱ्या लोटाची सारी गति एका मिनिटाच्या आंत संपली. सुमारें एक कोटि घनमीटर दगड खालीं आला. ८३ इमारती नष्ट झाल्या. मृतांची संख्या कोठें ११४ तर कोठें ११५ दिलेली आढळते.

२

आतां पुराव्याकडे वळूं. त्याच वर्षीं झूरिक येथें या घटनेवरील पुस्तक छापून निघालें. लेखक दोघे : धर्मोपदेशक एर्न्स्ट बुस आणि भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम. हाइम यांचा जन्म १८४९ चा, म्हणजे त्या वेळीं वय अवघें बत्तीस वर्षांचें. एक गृहस्थ माणसांच्या साक्षी ऐकण्यास योग्य आणि दुसरे दगडांची साक्ष वाचण्यास योग्य, अशी ही जोडी जमली. घटना व ग्रंथ यांमध्यें चार महिन्यांचेंही अंतर नाहीं. समकालीन साधन म्हणून याची योग्यता किती, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

हा पुरावा दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार मनुष्यांच्या साक्षींचा. येथें संशोधकानें पाहावयाचें तें हें कीं, साक्षीदार कोठें उभा होता, त्याला तेथून काय दिसणें शक्य होतें आणि काय तो मागाहून ऐकून सांगत आहे. समोरून पाहणारास लोटाची उंची दिसते पण वेग कळत नाहीं. बाजूनें पाहणारास वेग कळतो. बाजूनें पाहणाऱ्या लोकांनीं असें सांगितलें कीं, खालीं आलेला ढीग खाणीच्या तळावर आपटून आडवा उसळला, आणि क्षणभर त्याच्या खालून पलीकडचें दृश्य दिसलें. कोणी एकट्यानें सांगितलें असतें तर भयभीत माणसाची कल्पना म्हणून हें सोडून देतां आलें असतें. परंतु खाणीच्या तळाची खांच आणि पडलेल्या दगडांची मांडणी यांच्याशीं तें जुळतें.

दुसरा प्रकार दगडांच्या साक्षीचा. हाइम यांनीं पडलेल्या राशीचा नकाशा केला व तिच्या कडा पाहिल्या. कडा जागोजागीं रेखून काढल्याप्रमाणें स्पष्ट होत्या : राशीच्या अगदीं लगतचें घर शाबूत, आणि दोन पावलांवरचें नाहींसें झालेलें. डोंगरांत ज्या क्रमानें खडक होते, तो क्रम राशींतही बव्हंशीं टिकून होता. यावरून त्यांनीं अनुमान केलें कीं, हे सुटे दगड उड्या मारीत गेले नाहींत. सारा चुरा एकवटून, पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहत गेला.

३

कारणांची फोड करतांना नैयायिकांची भाषा सोयीची पडते. उपादान निराळें, निमित्त निराळें. एल्म येथें तीन गोष्टी एकावर एक रचलेल्या दिसतात.

(अ) डोंगराची घडण. खडक अखंड नसतो. त्यांत थर, सांधे व जुने तडे असतात, आणि डोंगर तुटतो तो बहुतेक या जुन्या रेषांवरच. ताज्या दगडाची ताकद प्रयोगशाळेंत मोजून कड्याची ताकद कळत नाहीं, याचें कारण हेंच.

(आ) माणसाचें खणणें. वरच्या खडकाचें ओझें पायथ्याचा खडक पेलून धरीत होता. तोच काढून घेतला. ओझें तेंच राहिलें, आधार मात्र गेला. डोंगराची घडण लाखों वर्षें तशीच असतांना तो वीस वर्षांत कां पडला, याचें उत्तर येथें आहे.

(इ) पाऊस. पाण्यानें दगड निसरडे होतात, ही समजूत सार्वत्रिक असली तरी बरोबर नाहीं. पाणी वंगणाचें काम करीत नाहीं. कड्यास धरून ठेवणारी मुख्य शक्ति घर्षणाची. कुलों या फ्रेंच अभियंत्यानें इ. स. १७७३ मध्यें पॅरिसच्या अकादमीपुढें मांडलेल्या प्रबंधांत तिचा हिशेब घातला होता. घर्षण अवलंबून असतें तें एका खडकानें दुसऱ्यावर दिलेल्या दाबावर. सांध्यांत पाणी भरलें म्हणजे तें वरच्या खडकास उचलूं पाहतें. दाब कमी होतो, आणि त्याबरोबर घर्षणही. भेग पाण्यानें भरली तर तें पाणी पुढच्या भागास बाहेर ढकलतें तें निराळेंच. मातींतील पाण्याच्या दाबाचा हा नियम कार्ल टेर्झागी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत स्पष्ट केला.

तेव्हां पाऊस निर्दोष नाहीं. पण १८८१ पूर्वींही त्या डोंगरावर मोठे पाऊस शेंकडों वेळां पडले असले पाहिजेत, आणि डोंगर उभा होता. पावसानें दिवस ठरविला; कोसळणें ठरविलें तें खाणीनें. 'पाऊस फार झाला' हें वाक्य चौकशीच्या कागदांत येतें, तेव्हां तें बहुधा कोणाच्या तरी सोयीचें असतें. आकाशावर खटला भरतां येत नाहीं.

४

१० सप्टेंबरच्या पाहणीकडे पुन्हां वळणें अवश्य आहे, कारण सगळ्यांत मोठा धडा तींतच आहे. त्या मंडळींस मूर्ख ठरविणें सोपें. पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं भेग पाहिली. ती रुंद होती, तशी ती बरीच वर्षें होतीच. एका दिवशीं एकदां पाहिलेली भेग म्हणजे तारीख नसलेला एकटा कागद. मागचा पुढचा कागद हातीं नसेल तर त्याचा अर्थ कसाही लावतां येतो. पांच वर्षें स्वस्थ पडून असलेली तीन हात भेग आणि कालपासून आजपर्यंत बोटभर रुंदावलेली लहान चीर, यांतील दुसरीच अधिक घातक. भेगेच्या रुंदीस महत्त्व नाहीं. रुंदावण्याच्या गतीस आहे. ही गति डोळ्यांस दिसत नाहीं, ती फक्त ओळीनें ठेवलेल्या नोंदींत दिसते. भेगेच्या दोन्ही कांठांस दोन खुंट्या ठोकून रोज त्यांतील अंतर लिहून ठेवण्यास विशेष विद्या लागत नाहीं. एल्म येथें वरच्या मंडळींपुढें अशी नोंदवही असती, तर त्यांचें मत निराळें पडलें असतें असें आम्हांस वाटतें.

एल्मच्या कागदांची पुढील कथाही उद्बोधक आहे. हाइम यांनीं आपलें जन्मभराचें या विषयाचें ज्ञान १९३२ सालीं एका ग्रंथांत एकत्र केलें. पण तें सारें जर्मन भाषेंत राहिलें व इंग्रजी जाणणाऱ्या पंडितांच्या नजरेआड पडलें. १९६० नंतर अमेरिकेंत रोनाल्ड श्रीव्ह यांनीं असें प्रतिपादिलें कीं, असे प्रचंड लोट आपल्याखालीं कोंडलेल्या हवेच्या गादीवरून घसरतात. एल्मचा लोटही त्यांनीं त्यांतच घातला. १९७५ सालीं केनेथ ह्सू यांनीं हाइम यांचें मूळ लेखन पुन्हां बारकाईनें वाचून, तेथील साक्षी घसरण्यास नव्हे तर वाहण्यास अनुकूल आहेत, असें दाखविलें. एखाद्या वादांत मूळ पत्र काढून पुढें ठेवतांच प्रश्नाचें स्वरूप पालटतें, हा आपला अनुभव दगडांच्या शास्त्रासही चुकला नाहीं.

असाच दुसरा प्रकार आलेक्सांद्र कोलँ यांच्या पुस्तकाचा. या फ्रेंच अभियंत्यानें कालव्यांच्या कडेच्या घसरलेल्या चिकणमातींत खणून, घसरणीचा पृष्ठभाग सपाट नसून वांकडा असतो, हें प्रत्यक्ष पाहून १८४६ सालीं छापलें. ग्रंथ विस्मृतींत गेला. स्वीडनमध्यें गोथेनबर्ग बंदराचा धक्का १९१६ सालीं घसरल्यावर तेथील अभियंते वक्र पृष्ठभागाच्या कल्पनेवर स्वतंत्रपणें आले. कोलँ यांचें इंग्रजी भाषांतर निघालें तें १९५६ सालीं. पुस्तक हरवणें म्हणजे केवळ पुस्तक हरवणें नव्हे; मधल्या काळांत जे कडे पडले, त्यांखालीं माणसें होतीं.

५

नोंद ठेवली तर काय होतें, याचा दाखला चिली देशाच्या उत्तरेकडील चुकिकामाता या तांब्याच्या प्रचंड उघड्या खाणीचा आहे. तेथील एका कड्यावर १९६६ च्या सुमारास भेगा दिसूं लागल्या. अधिकाऱ्यांनीं कड्यावर खुणा बसवून त्यांचें सरकणें मोजण्यास आरंभ केला व तें कागदावर रेघेनें मांडलें. रेघ हळूहळू उभी होत चालली. तिचें वळण पुढें चालवून १३ जानेवारी १९६९ रोजीं अंदाज बांधण्यांत आला कीं, कडा लवकरांत लवकर १८ फेब्रुवारीस पडेल. खाणीच्या कामाची व्यवस्था त्या बेतानें आधींच बदलण्यांत आली. कडा त्याच दिवशीं, १८ फेब्रुवारी १९६९ रोजीं सायंकाळीं पडला. पुढें जपानांत फुकुझोनो यांनीं १९८५ सालीं ही रीत अधिक सोपी केली : वेगाचा व्यस्तांक दिवसांसमोर मांडावा, वेग वाढतो तसतशी रेघ खालीं येते, आणि ती जेथें शून्यास मिळेल तो दिवस पतनाचा. अशा अंदाजांस चूक होण्याची वाट असतेच. मध्यें पाऊस थांबला, पाणी उपसलें किंवा खणणें बंद केलें तर रेघ आपला मार्ग बदलते. तथापि रेघच नसेल तर बदल तरी कशावरून कळणार?

अमेरिकेच्या युटा राज्यांतील बिंगहॅम कॅनियन या तांब्याच्या खाणींत १० एप्रिल २०१३ च्या रात्रीं सुमारें दीड तासाच्या अंतरानें दोन लोट आले. मिळून साडेचौदा कोटि टनांच्या आसपास दगड खालीं गेला, म्हणजे एल्मच्या कित्येक पट. रडार व इतर मापनांनीं कड्याची हालचाल कित्येक आठवडे आधीं दिसली होती. माणसें वेळींच बाहेर काढलीं होतीं, आणि एकही मनुष्य दगावला नाहीं. परंतु लोट अपेक्षेहून दूर गेला व तळाशीं ठेवलेलीं कांहीं मोठीं यंत्रें त्याखालीं गाडलीं गेलीं. केव्हां पडेल हें बरोबर वाचलें गेलें. कोठवर जाईल हें पुरतें वाचलें गेलें नाहीं. ११ सप्टेंबर १८८१ रोजीं पलीकडच्या चढावर धांवलेल्या लोकांचीही चूक हीच होती.

६

आपल्या देशांतील दाखला दुःखद आहे. २९ डिसेंबर २०१६ रोजीं झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यांत लालमटिया येथील राजमहाल उघड्या कोळसाखाणींत कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा भाग खचला आणि २३ कामगार मृत्यु पावले. पहिल्याच दिवसांच्या सरकारी निवेदनांत असें म्हटलें होतें कीं, ३०० मीटर लांब व ११० मीटर रुंद भाग सुमारें ३५ मीटर खालीं गेला, त्यांत सुमारें ९५ लक्ष घनमीटर माल होता, आणि आंत दडलेला प्रस्तरभंग हें कारण असूं शकेल.

येथें आमच्या वाचकांनीं थोडें थांबावें. ३०० गुणिलें ११० म्हणजे ३३,००० चौरस मीटर. एवढ्या जागेवर ९५ लक्ष घनमीटर बसविण्यास सरासरी जाडी २८० मीटरांहून अधिक धरावी लागते. ही जाडी असंभाव्य दिसते. तेव्हां यांतील एक तरी आंकडा चुकला आहे, किंवा निरनिराळ्या भागांचीं मापें एका वाक्यांत आलीं आहेत. घाईच्या वेळीं असें होतें, आणि निवेदन करणारांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु अशीं पहिल्या तासांचीं मापें हीच पुढें नकललीं जातात, आणि दहा ठिकाणीं छापलीं म्हणून खरीं मानलीं जातात. एका पत्राच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

'दडलेला प्रस्तरभंग' या शब्दांचाही विचार केला पाहिजे. दडलेला, तो कोणापासून? जमिनीखालची रेषा वरून दिसत नाहीं हें खरें. पण भोंवतालच्या विंधनविवरांच्या वह्या, जुने मोजणीचे नकाशे, शेजारच्या बंद खाणींचे आराखडे, हे सारे एकत्र मांडले म्हणजे ती पुष्कळदां आंत डोकावूं लागते. काढलेल्या मातीचा ढीग कोठें रचला आहे, त्याच्या तळाशीं पूर्वीं ओढा वाहत होता काय, हें आजच्या जागेवर पाहून कळत नाहीं, कारण ओढा ढिगाखालीं गेलेला असतो. जुन्या गांवनकाशावर मात्र तो निळ्या रेघेनें काढलेला असतो. अशा ओल्या तळावरचे ढीग आधीं सरकतात.

महाराष्ट्रांत वर्धेच्या खोऱ्यांत, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत, उघड्या कोळसाखाणी आहेत. त्याच खोऱ्यांत वरोरा येथें एकोणिसाव्या शतकांत कोळशाची खाण चालू होती. गोमंतकांतील लोखंडाच्या खाणी तर मुसळधार पावसाच्या मुलुखांत खणल्या गेल्या. या भागांतील जुनीं घराणीं, वकिलांचीं दप्तरें, ठेकेदारांच्या वंशजांच्या पेट्या यांत खाणींचे आराखडे, हजेरीपट, उपसलेल्या पाण्याच्या नोंदी, अपघातांचे कागद असण्याचा संभव आहे. सनदा व महजर यांचा शोध घेणारे आमचे संग्राहक बंधु हे कागद अर्वाचीन व रुक्ष म्हणून बाजूस टाकतात, हें आम्हीं पाहिलें आहे. आम्ही स्वतःही एके काळीं तसेंच करीत होतों. ती चूक होय. यापुढें असा कागद दिसला तर त्यावरील तारीख, मोजमापाचें एकक आणि मोजणाराचें नांव जपून उतरून घ्यावें, नकाशा घडी न घालतां ठेवावा, आणि त्याची एक प्रत त्या भागांतील खाणींची मोजणी करणारांच्या हातीं पोंचवावी.

एल्म येथें डोंगर कित्येक वर्षें आपली हकीकत लिहीत होता. ती रोज वाचून ठेवणारा कोणी नव्हता. चुकिकामाता येथें असा वाचक होता, म्हणून तेथें दगड पडले आणि माणसें वांचलीं. कड्याचें कारण शोधणें म्हणजे पडल्यानंतर दोष वांटणें नव्हे; पडण्यापूर्वीं त्याचे कागद लावून वाचणें होय.